डब्यावरचा शेंदूर

॥ श्री ॥

जुने शहर, अकोला
रविवार, दि. २ नोव्हेंबर १९५८

ती. स्व. भाऊजींस,

उद्धवचा साष्टांग नमस्कार. इकडे मी खुशाल आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. जेवतो, झोपतो, कामावर जातो, एवढं मात्र खरं. तुमची, ताईची आणि पोरांची प्रकृती कळवावी. ताईचा खोकला थांबला का? तिला म्हणावं, काढा करून फडताळात ठेवला म्हणजे खोकला जात नाही, तो प्यावा लागतो.

तुम्ही अमरावतीला गेल्यापासून खोली अंगावर येते. तुमचा तांब्या, चष्म्याची डबी, खुंटीवरचा पंचा, सगळं जागच्या जागी आहे. खानावळीतलं वरण आणखी पातळ झालं आहे. या वर्षी मोर्णा नदीला पाणी कमी का, ते मला तिथं जेवायला बसल्यावर कळलं.

आता आपल्या कापसाच्या जिनाची हकिगत. आगीत जळलेला नळा उतरवून नवा चढवला. पंख्याची तीन पाती वाकली होती, ती बदलली. नव्या कारकुनाने विचारलं की या नळ्याचं काम काय. मी तुमचेच शब्द सांगितले, मला पहिल्या दिवशी सांगितलेले. म्हटलं, पोर शहाळ्याला नळी लावून पाणी ओढतं ना, तसा हा पंखा कापूस ओढतो. खाली गंजीपाशी बाया नळ्याच्या तोंडाला कापूस लावतात, तो वर माडीवर रेच्यांपाशी जाऊन पडतो आणि तिथं सरकी वेगळी होते. टोपल्या डोक्यावर घेऊन जिना चढणं वाचलं. कारकून म्हणाला, मग यात भिण्यासारखं काय आहे?

रोज सकाळी तपासणीची पाटी भरतो, काळजी नसावी. पंखा रिकामा फिरवून काचेच्या नळीतलं पाणी तुमच्या लाल रेघेला पोचतं का ते पाहतो. रुईचा पुंजका बोटांत धरून प्रत्येक जोडावरून फिरवतो, कुठं आत ओढला गेला तर तिथलं रबर बदलतो. लोहचुंबकाला चिकटलेले खिळे काढतो. पट्ट्याचा ताण दाबून पाहतो. सगळं पाहून मगच खडूची खूण.

मालकांनी, म्हणजे खुशालरावांनी, तुमची यंत्रघराची किल्ली माझ्याकडे दिली आहे. तात्पुरती, असं म्हणाले. कारखाना इन्स्पेक्टर साहेबांची चौकशी सतरा तारखेला, सोमवारी, नक्की झाली. तुम्ही लिहून दिलेल्या कबुलीवर साहेबांसमोर सही करायची आणि मग प्रकरण मिटलं, असं मालक सगळ्यांना सांगत असतात. ते मिटलं म्हणजे तुमचं काय, हे कुणी विचारत नाही. आगीची चूक माझी असं ज्यानं लिहून दिलं, त्याला वऱ्हाडातला कुठला जिन यंत्राला हात लावू देईल?

नळ्याला कापूस लावणारी गंगूबाई अजून इस्पितळात आहे. दोन्ही हातांना कोपरापर्यंत पट्ट्या आहेत. मी अजून गेलो नाही, कामातून सवड होत नाही.

पत्राचं उत्तर द्यावं. ताईला नमस्कार.

आपला,
उद्धव


॥ श्री ॥

अकोला
शनिवार, दि. ८ नोव्हेंबर १९५८

ती. स्व. भाऊजींस सा. न.

तुमचं कार्ड बुधवारी मिळालं. तुमच्या हातच्या तीन ओळी होत्या. ‘पत्र पावले. पाचही बघत जा. सतरा तारखेस येतो.’ बाकीचं कार्ड ताईने भरलं आहे, अगदी पत्त्याच्या रेघेपर्यंत.

पाचही. मी मागच्या पत्रात चारच लिहिल्या होत्या, हे तुम्ही मोजलंत. पाटीवर तिसरी ओळ खड्यांच्या डब्याची आहे. ती मी लिहिताना विसरलो, असं या पत्रात लिहिणार होतो. पण तुम्हाला ते खरं वाटणार नाही, म्हणून नाही लिहीत.

ताई लिहिते, ‘तुह्या भाऊजीचं तोंड शिवल्यासारखं झालं आहे. मले म्हनतात, माहीच चूक झाली, डबा साफ कराचा राहून गेला. वीस वर्षांत यायच्या हातून मिठाचा डबा उघडा नाई राहिला, न हा काहून राहीन? तू त होता ना तिथं? तू सांग मले. न भाऊबीजीले आल्याबिगर राहू नको.’ खाली आडवं लिहिलं आहे की तुमच्या पांढऱ्या सदऱ्याच्या उजव्या बाहीवर शेंदूर लागला आहे, तीनदा साबण लावूनही निघत नाही, आणि तुम्ही कुठल्या पूजेला बसला होता ते सांगत नाही.

हे कार्ड मी सदऱ्याच्या खिशात घेऊन हिंडतो आहे.

गुरुवारी गंगूबाईकडे गेलो. तिने पाहताच ओळखलं आणि खाटेवर सरकून जागा करून दिली. मी उभाच राहिलो. केळी नेली होती. ती तिला सोलता येणार नाहीत हे मला तिथं गेल्यावर सुचलं. तिने पहिलं तुमचं विचारलं. म्हणाली, “कमलाकांतभाऊले काई झालं त नाई ना? त्यायनंच मले ओढलं. आंगावर वलं पोतं टाकलं. न लोक म्हनून राहिले का चूक त्यायची होती.”

मी म्हटलं, चौकशी आहे.

मग ती हळूच म्हणाली, “उद्धवभाऊ, त्या दिवशी सकायी मी तुले सांगतलं होतं. नळा वाजून राहिला, आतमंधी खडखड होऊन राहिली, पाय जरा. तू म्हनला, पायलं. पायला होता ना तू?”

मी हो म्हणालो.

ती म्हणाली, “मंग झालं. मी कोनालेच नाई सांगतलं. तुह्यावर काहून आनू?”

भाऊजी, मी तिथून निघालो तो कुठून कसा खोलीवर आलो मला आठवत नाही. सायकल इस्पितळाच्या फाटकाशीच राहिली होती, ती दुसऱ्या दिवशी आणली.

भाऊबीजेला येणं जमेल असं वाटत नाही. मालकांना पंधरा तारखेला जिन सुरू करायचा आहे, गाड्या दर्यापूरपासून येऊन उभ्या आहेत, आणि माझ्या अंगात थोडी कसरही आहे. कसर खोटी आहे. येणार नाही हे खरं आहे. ताईसमोर पाटावर बसून कुंकू लावून घ्यायचं, आणि ती विचारणार, तू होता ना तिथं.

चौकशीला नऊ दिवस आहेत. मला काही सुचत नाही.

उद्धव


॥ श्री ॥

अकोला
शुक्रवार, दि. १४ नोव्हेंबर १९५८

ती. स्व. भाऊजी,

काल भाऊबीज झाली आणि मी आलो नाही. ताईने आरतीचं तबक चंद्राला ओवाळून आत ठेवलं असेल. त्याबद्दल तिची माफी मी वेगळी मागेन. हे पत्र आजच्या आज टपालात पडलं तर उद्या, नाहीतर परवापर्यंत तुमच्या हाती पडेल. ते सोमवारच्या आत पोचलंच पाहिजे, म्हणून प्रकृतीबिकृती विचारत नाही. ताई शेजारी असेल तर तिलाही वाचून दाखवा. लपवण्यासारखं आता काही ठेवलं नाही.

दसऱ्याला हंगामाचा मुहूर्त झाला तेव्हा तुम्ही पंख्याच्या मागे पट्टा ओढत होता. मालकांच्या आईनं, गोदाबाईंनी, गंजीची पूजा केली, रेच्यांना हळदकुंकू वाहिलं आणि शेवटी खड्यांच्या डब्यावर तेलात कालवलेल्या शेंदराचं स्वस्तिक काढलं. नेमकं झाकण आणि डबा यांच्या सांध्यावर, अर्धं वर, अर्धं खाली. मला बजावलं, “रुईची पयली गाठ बांधली जाईस्तोर हे मोडाचं नाई बरं. दर सालची रीत हाये.” मागच्या वर्षापर्यंत हे स्वस्तिक गाठी दाबायच्या प्रेसच्या दारावर निघायचं. या वर्षी नळा नवा होता म्हणून त्याचा मान.

तुम्हाला मी सांगितलं. तुम्ही म्हणालात, “मी बोलतो त्यांच्याशी. तू डबा उघडत जा. देवाला खडे आवडत नाहीत.” मी हसलो. डबा कसा असतो ते तुम्हीच मला शिकवलं होतं. कापसाबरोबर शेतातली ढेकळं, खडे येतात, ते जड म्हणून नळ्यातून वर न जाता डब्यात पडतात. डबा भरला की पुढच्या खड्याला पडायला जागा नाही, तो थेट पंख्यावर जातो. खडा पात्यावर बसला की ठिणगी, आणि भोवती सगळी रुई. म्हणून पंखा सुरू करण्याआधी डबा रोज उघडायचा, रोज रिकामा करायचा. हे मला तोंडपाठ होतं. त्यातून यंदाची पहिली वेचणी चिखलातली.

मी तीन सकाळी डबा उघडला नाही. पहिल्या दिवशी हात झाकणापर्यंत गेला होता आणि देवाची भीती वाटली. दुसऱ्या दिवशी गोदाबाई माडीच्या खिडकीत उभ्या होत्या, त्यांची भीती वाटली. तिसऱ्या दिवशी कुणीच नव्हतं. तिसऱ्या दिवशी मला नुसता कंटाळा आला होता. दोन दिवस काही झालं नाही, तर आज काय होणार. तिन्ही दिवस मी पाटीवर तिसऱ्या ओळीपुढे खडूची खूण केली. तिसऱ्या दिवशी तुम्ही जाता जाता विचारलंत, “डबा?” मी म्हटलं, “साफ.” त्यानंतर अर्ध्या तासाने गंगूबाई म्हणाली की नळा वाजतो आहे, आणि तिलाही मी तेच सांगितलं.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. नळ्याच्या तोंडातून जाळ बाहेर आला तो तिच्या हातांवर.

आता जे तुम्हाला माहीत नाही ते लिहितो. लोक विहिरीकडून बादल्या आणत होते तेव्हा मी रेच्यांच्या जिन्याखाली उभा होतो. तिथून डबा दिसत होता. तुम्ही गंगूबाईला बाहेर बायांच्या हवाली करून परत आलात आणि डब्यापाशी थांबलात. स्वस्तिक अखंड होतं. सांध्यावर एक तडा नव्हता. तुम्ही ते नुसतं पाहत राहिलात. मग उजव्या बाहीने ते पुसलंत, दोनदा घासलंत. मग पाटीकडे जाऊन तिसरी खूण अंगठ्याने पुसलीत. आणि बाहेर येऊन मालकांना म्हणालात, “आज डबा मी पाहायचा होता. राहून गेला.”

स्वस्तिक तसंच राहिलं असतं तर डबा एकदा नाही, तीन दिवस उघडला नाही हे कुणालाही कळलं असतं. तीन दिवस खोट्या खुणा कुणी केल्या तेही कळलं असतं. पुसल्यावर उरली फक्त एका सकाळची चूक, आणि ती तुम्ही उचललीत. तुम्ही मला एका शब्दाने बोलला नाहीत. त्याच दुपारी वळकटी बांधलीत, चष्म्याची डबीसुद्धा विसरलात. मी तुम्हाला बसपर्यंत पोचवायला आलो आणि बैलबाजाराच्या गोष्टी करत राहिलो. मला माझी किळस येते, भाऊजी. तुमचा रागही येतो. तुम्ही थोबाडीत मारली असती तर मी त्याच दिवशी सगळं ओकलो असतो.

आई गेल्यावर ताईने मला दर्यापूरहून तुमच्या घरी आणलं तेव्हा मी नऊ वर्षांचा होतो. तुम्ही तेव्हाही असेच होता. मी शेजाऱ्याची काच फोडली आणि तुम्ही जाऊन सांगून आलात की माझ्या हातून फुटली. त्या वेळी मला फार बरं वाटलं होतं. या वेळी गंगूबाईचे हात आहेत.

आज सकाळी इन्स्पेक्टर साहेब आले. चौकशी सोमवारी असली तरी उद्या जिन सुरू करण्याआधी यंत्र पाहायचं होतं. मालक, गोदाबाई, कारकून, सगळे होते. साहेब बारीक माणूस आहे, बोलणं कमी. त्यांनी काचेची नळी पाहिली, रुईचा पुंजका मागितला आणि स्वतः जोडांवरून फिरवला. मग डब्यापाशी आले आणि मला उघडायला सांगितला. मी उघडला. रिकामा होता, सकाळीच केला होता. म्हणाले, “हा किती दिवसांनी उघडता?”

मी म्हटलं, “रोज.”

“आगीच्या दिवशी कुणी उघडायचा होता?”

मालक मधेच म्हणाले, “कमलाकांतनं, साहेब. त्यानं लिहून देल्लं हाये. सोमवारी येऊन सही करते तो.”

साहेब माझ्याकडेच पाहत होते. पाटी त्यांच्या मागे भिंतीला होती. पाचही खुणा मीच केलेल्या, आजच्या, खऱ्या. मला वाटलं, आता हो म्हटलं की संपलं. किल्ली माझी, पाटी माझी, आणि रोज सकाळी ही तिसरी ओळ.

मी म्हटलं, “साहेब, मी उघडायचा होता. तीन दिवस उघडला नाही. खुणा खोट्या केल्या.” आणि स्वस्तिकाचं सांगितलं. गंगूबाईने बजावल्याचंही सांगितलं. तुम्ही पुसल्याचं सांगितलं.

मालक म्हणाले, “येडा झाला का बे? तो तुहा भाटवा हाये म्हनून बोलून राहिला तू.” गोदाबाई म्हणाल्या, “शेंदूर मीच लावला होता. मोडू नको म्हटलं होतं मी त्याले.” आणि पदर तोंडाला लावून खाली बसल्या. किल्ली मालकांनी तिथंच काढून घेतली.

साहेबांनी माझा जबाब लिहून घेतला, मी सही केली. मग त्यांनी कागदाची घडी घालत जे सांगितलं ते नीट वाचा. म्हणाले, “माझ्याकडे आता दोन कबुल्या आहेत. एक अनुभवी माणसाची, एक त्याच्या मेहुण्याची. तो माणूस सोमवारी आपल्या शब्दावर राहिला तर मी याचा कागद नात्यातली माया समजून बाजूला ठेवीन.”

म्हणजे आता सगळं तुमच्यावर आहे. आणि मला तुमचा स्वभाव माहीत आहे, म्हणून मला तुमची भीती वाटते.

तिथून मी इस्पितळात गेलो. गंगूबाईला म्हटलं, मी डबा पाहिला नव्हता. त्या दिवशी हो म्हणालो ते खोटं होतं. तिने भिंतीकडे तोंड केलं. मी उठून जाणार होतो, पण जायला तोंड नव्हतं, म्हणून बसून राहिलो. कितीतरी वेळाने तिने मान वळवली आणि म्हणाली, “पानी पाज मले.” मी पेला तिच्या ओठांना लावला. अर्धं पाणी तिच्या गळ्यावर सांडलं. ती म्हणाली, “उद्या बी येजो.” माफ केलं असं ती म्हणाली नाही आणि मी ते समजणारही नाही. उद्या जाणार आहे.

भाऊजी, मला शिकवताना तुम्ही एकदा म्हणाला होता की ज्या दिवशी एखादी गोष्ट पाहणं झालं नाही, त्या दिवशी तिच्यापुढची जागा कोरी सोड, कोऱ्या जागेची लाज नसते, आपण पंखा थांबवून ठेवू. मी ते शिकलो नाही. तुम्हीही ते विसरलात. तुम्ही माझी खोटी खूण पुसलीत आणि तिथं स्वतःचं नाव लिहिलंत. तिथं काही लिहायचं नव्हतं.

सोमवारी साहेबांसमोर एवढंच सांगा, की डब्यावर स्वस्तिक अखंड होतं आणि ते मी पुसलं. पुसलं का म्हणून साहेब दोन शब्द बोलतील, ते ऐकून घ्या. माझं काय होईल याचा विचार करू नका, तो गेली पंधरा वर्षं तुम्ही केलात तेवढा पुष्कळ झाला. तुमच्यासारखा माणूस पाटीपाशी नसेल तर उद्या दुसरा कुणी उद्धव तिथं खडू घेऊन उभा राहील.

आणि ताईला सांगा, त्या बाहीला आता साबण लावू नको. सोमवारी तोच सदरा घालून या. मी फाटकापाशी उभा असेन, चष्म्याची डबी घेऊन.

तुमचा,
तिसरी जागा कोरी ठेवायला उशिरा शिकलेला,
उद्धव